टीम डेचा पहिला अर्धा तास: भीड चेपायचे खेळ कसे घ्यायचे

परवा एका ओळखीच्या मुलीचा फोन आला, ताई पुढच्या शनिवारी इंदूरजवळच्या चोरलला आमचा टीम डे आहे, ३५ लोकं आहेत, निम्मे पुण्याच्या ऑफिसातून येतायत, कुणी कुणाला ओळखत नाही, सुरुवातीला काय घेऊ? तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे टाकतेय, कारण हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा येतोच, कधी ऑफिसवाल्यांचा, कधी इंदूरच्याच एखाद्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनाचा, आणि दर वेळी मी तेच तेच बोलत बसते.

आधी माझी फजिती ऐका. मी पहिल्यांदा असा कार्यक्रम घेतला तेव्हा हॉलमध्ये ४० लोकं, गोल खुर्च्या, हातात माइक. मी म्हटलं प्रत्येकाने नाव सांगा, डिपार्टमेंट सांगा आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती सांगा. मला वाटलं काय धमाल येईल. पहिला होता सेल्सवाला, बोलण्यात पटाईत, त्याने चार मिनिटं घेतली, लोकं पोट धरून हसली, आणि तिथेच घोळ झाला, कारण आता बाकीचे ३९ जण ऐकतच नव्हते, आपण काय सांगायचं हेच डोक्यात जुळवत बसले होते. सतराव्या-अठराव्या नंबरला एक नवा ट्रेनी, आठवडा झाला असेल जॉइन होऊन. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला, नाव सांगितलं, आणि पुढे काहीच नाही. माइकची घूं घूं तेवढी ऐकू येतेय. मागून कुणीतरी प्रेमानेच ओरडलं, बोल ना भिया (म्हणजे भाऊ)! तो हसला, माइक शेजारच्याला दिला आणि खाली बसला. नंतर दिवसभर तो पाण्याच्या कॅनपाशी मोबाइल घेऊन उभा होता, एकाही खेळात आला नाही. आणि कचोऱ्या पार मऊ पडल्या ते वेगळंच.

हिशोबच करा ना. ४० माणसं, प्रत्येकी दीड मिनिट, झाला की तास. त्या तासात प्रत्येक जण बोलला दीड मिनिट आणि गप्प बसला साडेअठ्ठावन मिनिटं. तेच जोड्या लावून दिल्या असत्या तर तीन मिनिटांत सगळ्यांचं बोलून झालं असतं, आणि तो पोरगा एकाशी तरी बोलला असता. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, पहिली १५ मिनिटं कुणालाही एकट्याला सगळ्यांसमोर बोलायला लावायचं नाही. आधी हातपाय हलवा, मग दोघादोघांत बोलणं, मग चौघाचौघांत, आणि सगळ्यांसमोर यायचं ते अगदी शेवटी, तेही ज्याला हौस आहे त्याने. खेळ कुठलाही घ्या, हा क्रम मोडू नका. चांगले चांगले खेळ चुकीच्या नंबरला घेतले म्हणून पडतात.

तर पहिला खेळ. मी याला पोह्याची लाइन म्हणते. बस पोचली, नाश्ता झाला, की खुर्च्यांवर बसू देऊच नका, एकदा माणूस खुर्चीत टेकला की त्याला उठवणं म्हणजे आंघोळीला निघालेल्या मांजराला धरण्यासारखं आहे. मोकळ्या जागेत या झाडापासून त्या गेटपर्यंत एक लाइन आहे असं समजा म्हणायचं, दोरी वगैरे काही लागत नाही. मग प्रश्न: पोह्यावर शेव किती? झाडाशी उभे राहतील ते, ज्यांना शेवेत पोहे शोधावे लागतात. गेटपाशी ते, ज्यांना शेव नकोच. बाकीच्यांनी मध्ये आपापल्या हिशोबाने. दहा सेकंदांत सगळे इकडून तिकडे पळतात. आता आजूबाजूला जो उभा आहे त्याला एक मिनिटात सांगा की तुम्ही इथे का उभे आहात. बस. इंदूरवाले वाफेवरचे पोहे, जिरावण मसाला आणि मूठभर शेव सोडून दुसऱ्याला पोहे म्हणायलाच तयार नसतात, पुण्याचे लोक ओलं खोबरं, कोथिंबीर करत बसतात, आणि जलेबीचा प्रश्न काढलात की तर भांडणच लागतं. पोह्याबरोबर जलेबी ही आपल्याला साधी गोष्ट वाटते, बाहेरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हा खेळ चालतो कारण इथे कुणाचंच उत्तर चूक नसतं आणि तोंड उघडायच्या आधी पायांनी उत्तर देऊन झालेलं असतं. तीन-चार प्रश्न पुरे. सकाळी पाचला उठणारे का रात्री दोनला झोपणारे, फोन करणारे का मेसेज टाकणारे, सामान महिनाभर आधी भरणारे का गाडी निघताना चेन लावणारे. मोदी-राहुल, मांसाहार-शाकाहार, लग्न झालं का नाही, असलं काही लाइनवर आणू नका. आणि शेवटचा प्रश्न कामाचा ठेवलात तर मॅनेजर मंडळी पण खूश, उदाहरणार्थ मीटिंग सकाळी हवी का संध्याकाळी.

दुसरा, गप्प रांग. सगळ्यांनी वाढदिवसाच्या तारखेप्रमाणे रांगेत उभं राहायचं, १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत, वर्ष सांगायचं नाही (बायकांपेक्षा पुरुषच वय लपवतात हे मी नोट केलंय), आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही, ओठ पण हलवायचे नाहीत. मग बोटांनी महिने मोजणं सुरू होतं. ऑगस्टवाला आठ बोटं दाखवतो, समोरच्याला वाटतं आठ तारीख, तो तिसरीकडेच जाऊन उभा. ३५ लोकांना पाच-सहा मिनिटं लागतात. रांग लागली की एकेकाने फक्त तारीख बोलायची, ही सगळ्यांसमोर बोलायची पहिली वेळ, पण दोनच शब्द आहेत त्यामुळे कुणी अडखळत नाही.

इथे एक गंमत हमखास होते, कुणातरी दोघांची तारीख सेम निघते आणि सगळे ओरडतात. लोकांना वाटतं केवढा योगायोग, पण तसं नाहीये. २३ माणसं जमली की त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, आणि ४० असतील तर जवळपास ८९ टक्के. कारण आपण एकाची तारीख बाकीच्यांशी नाही जुळवत, प्रत्येकाची प्रत्येकाशी जुळवतो, आणि २३ जणांत अशा २५३ जोड्या होतात. मी रांग लागायच्या आधीच जाहीर करते की इथे दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी आहे, लावा पैज. आतापर्यंत दोनदाच तोंडावर पडलेय.

आता गट पाडायचे. आपल्याला हवे तसे गट पाडा असं कधीच सांगू नका, जे रोज एकत्र जेवतात तेच चार जण एकत्र येतात आणि जो कुणाचाच नाही तो मध्ये उभा राहतो, शाळेत लंगडीची टीम निवडताना शेवटी उरायचं तेच दुःख. रांग लागलेलीच आहे, तर पहिल्यापासून म्हणत जायचं: पोहे, जलेबी, कचोरी, शिकंजी, परत पोहे, जलेबी, कचोरी, शिकंजी. सगळे पोहे एकीकडे, सगळ्या जलेब्या एकीकडे. एक-दोन-तीन-चार केलं तर लोकं आपला नंबर विसरतात, मी शिकंजी हे कुणी विसरत नाही. दिवसभर मग ए जलेबी म्हणून हाका मारतात ते बोनस.

गट पडले, त्यातच चौघाचौघांच्या चौकड्या झाल्या की दोन खरं एक खोटं घ्या. हा खेळ सगळ्यांना माहीत असतो, स्वतःबद्दल तीन वाक्यं, दोन खरी एक थाप, बाकीच्यांनी थाप ओळखायची. पण थेट स्वतःबद्दल सांगा म्हटलं की निम्मे लोक ब्लँक होतात. म्हणून मी पहिली फेरी शहराची घेते, आणि मी स्वतः सुरू करते. ऐका: लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा. राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा. सचिनने वनडेत २०० केले ते इंदूरला. कुठलं खोटं?

दर वेळी निम्मे लोक द्रविडवर बोट ठेवतात, तो तर बंगळुरूचा म्हणून. तो वाढला तिकडे, पण जन्म इथलाच, ११ जानेवारी १९७३. लताबाई १९२९ च्या, त्या तर आपल्याच. खोटं तिसरं आहे, सचिनचे नाबाद २०० ग्वाल्हेरला झाले, २४ फेब्रुवारी २०१० ला, आणि आपल्या होळकर स्टेडियमवर झाले ते सेहवागचे २१९, डिसेंबर २०११ मध्ये, वेस्ट इंडीजच्या विरुद्ध. एकदा एक अकाउंट्सवाले काका पुढे आले आणि म्हणाले मी त्या दिवशी स्टँडमध्ये होतो, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनीच घेतली. मी थांबवलं नाही. जो माणूस ऑफिसात वर्षभर नमस्कारापलीकडे बोलत नव्हता तो बोलत होता, मी कशाला मध्ये पडू.

मग दुसरी फेरी स्वतःबद्दल, पण चौघांच्याच गटात, आणि आधी दोन मिनिटं कागदावर लिहायला द्या. ही दोन मिनिटं वाचवायला जाऊ नका. जे लोक पटकन बोलतात त्यांना कागद लागत नाही, पण बाकीच्यांची सगळी गाडी त्या कागदावर चालते.

बिंगो हा मोठ्या ग्रुपसाठी, तिसाच्या वर लोकं असतील तर. कागदावर चार बाय चार म्हणजे १६ घरं आखायची आणि प्रत्येक घरात एक एक माणूस: रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) राजवाड्यावर उभं राहून पाहिलेला. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, बारानंतर जेवलेला. गराडू (तळलेला कंद) न आवडणारा. सायकलवरून पडून टाके पडलेला. ज्याच्या घरी अजून रेडिओ चालतो. एकदाही मांडूला न गेलेला. फिरून फिरून माणूस शोधायचा आणि त्याची सही घ्यायची. एकच नियम कडक पाळा, एका माणसाची एका कागदावर एकच सही, नाहीतर लोकं एकालाच पकडून १६ सह्या घेतात आणि मोकळे होतात. आडवी किंवा उभी ओळ भरली की ओरडायचं, पण खेळ तिथे थांबवू नका, आणखी पाच मिनिटं चालू द्या, कारण खरी गंमत बक्षिसात नसते, सराफ्यातलं घर कोण भरणार यावर जी चर्चा चालते तिच्यात असते. बाहेरून आलेल्यांसाठी तीन-चार घरं त्यांच्या शहराची ठेवा, नाहीतर ते बिचारे फक्त सह्या मागत फिरतात, त्यांच्याकडे कुणी येत नाही. हे मला एका पुण्याच्या मुलीने तोंडावर सांगितलं तेव्हा कळलं.

आपले लहानपणचे खेळ विसरू नका हो. चिमणी भुर्र घ्या. आठ-दहा जण टेबलाभोवती, प्रत्येकाचं एक बोट टेबलावर, एक जण म्हणतो चिमणी भुर्र, पोपट भुर्र, कावळा भुर्र, बोटं वर, मग त्याच सुरात म्हैस भुर्र, आणि चार शहाणी माणसं म्हैस उडवतात. डायरेक्टर लेव्हलच्या माणसाला मी म्हैस उडवताना पाहिलंय. फक्त आउट करायचं नाही, जो चुकला तो पुढचा बोलणारा. संगीत खुर्चीचं पण तेच, मला ती अजिबात आवडत नाही, कारण जो लाजतो तोच पहिला बाहेर जातो आणि मग २० मिनिटं बसून बघतो, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तोच बाहेर.

कानगोष्टी मिक्स ग्रुपमध्ये फार रंगते. आपल्याकडे ऑफिसात निम्मे हिंदीवाले, काही माळवी बोलणारे, दोन-चार दक्षिणेचे. काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले हे एका टोकाने कानात सोडा आणि बाराव्या माणसाकडून काय बाहेर येतं ते ऐका. मग उलटी बाजू, त्यांच्या भाषेतलं एक वाक्य आपल्या कानातून जाऊ द्या, म्हणजे हसणं दोन्हीकडून होतं. गाण्याच्या भेंड्या मात्र मी सुरुवातीला घेत नाही, बसमध्ये परतताना घेते. भेंड्यांत तेच चार जण गातात, बाकीचे टाळ्या वाजवतात, आणि भीड त्या चौघांना नव्हतीच मुळात.

दुपारी जेवणानंतर जेव्हा सगळे पेंगतात तेव्हा स्टोन पेपर सिझरची ट्रेन. दोघादोघांत खेळायचं, जो हरला तो जिंकलेल्याच्या मागे उभा राहून त्याच्या नावाने ओरडणार. पुढच्या फेरीत ते दोघं दुसऱ्या दोघांशी, हरणाऱ्याची अख्खी पार्टी जिंकणाऱ्याच्या मागे. ३२ लोकं असतील तर बरोब्बर पाच फेऱ्या, शेवटी दोन माणसं समोरासमोर आणि दोघांच्या मागे पंधरा-पंधरा जण घसा फोडतायत. चार मिनिटांचा खेळ आहे, सामान शून्य. आकडा विषम झाला तर उरलेला त्या फेरीत तसाच पुढे जातो, त्यावर वाद घालत बसू नका.

टॉवरचा खेळ हा भीड चेपल्यावर घ्यायचा, आधी नाही, कारण याच्यात हुकूम सोडणारे आणि गप्प काम करणारे लगेच वेगळे होतात. मूळ खेळात चौघांच्या टीमला २० काड्या कच्ची स्पॅगेटी, एक यार्ड टेप, एक यार्ड दोरी आणि एक मार्शमॅलो देतात, १८ मिनिटांत सगळ्यात उंच टॉवर, वर मार्शमॅलो टिकला पाहिजे. टॉम वूजेक नावाच्या माणसाने २०१० मध्ये टेड (TED) या भाषणांच्या मंचावर सांगितलं होतं की यात बिझनेस स्कूलमधून नुकते बाहेर पडलेल्यांपेक्षा बालवाडीची पोरं चांगली करतात, कारण मोठे लोक आधी प्लॅन करत बसतात आणि मार्शमॅलो शेवटी ठेवतात, आणि तो ठेवला की सगळं कोसळतं, पोरं पहिल्यापासून मार्शमॅलो वर ठेवून ठेवून बघतात. आम्ही स्पॅगेटीच्या नादी लागत नाही, जुने पेपर गुंडाळून नळ्या करतो, सेलोटेप, आणि वर पोह्याचं एक आख्खं लिंबू. लिंबू जड पडतं, खाली येताना जो आवाज होतो ना, आहा.

साहेबांचं काय करायचं हा नाजूक विषय. सर किंवा मॅडम खुर्ची घेऊन बाजूला बसले आणि बघत राहिले तर खेळ नाही, परीक्षा होते. मी आदल्या दिवशीच फोन करून सांगते, सर तुम्ही पहिल्या खेळात असाल आणि जमलं तर लवकर हरा. बहुतेक जण हसून हो म्हणतात. एकांनी विचारलं, मुद्दाम कसं हरू? मी म्हटलं सर चिमणी भुर्र आहे, मुद्दाम हरायची गरज पडणार नाही. मंडळाच्या कार्यक्रमात उलटं असतं, तिथे काका-काकू, आजोबा, पळापळ नको, गुडघे. त्यांना पोह्याची लाइन बसल्या बसल्या हात वर करून घ्या. आणि तिथे एक धोका असतो, आडनाव काय, मूळचे कुठले, अच्छा म्हणजे होळकरांबरोबर आलेले का, ही गाडी सुरू झाली की थांबत नाही. ऐकायला गोड आहे पण जो नुकताच नोकरीसाठी आलाय तो बाजूला पडतो. म्हणून शर्टाला लावायच्या नावाच्या चिठ्ठीवर आडनाव लिहू नका, फक्त नाव.

बाकी काही गोष्टी भराभर सांगते. हातात हात गुंतवून गाठ सोडवायचा खेळ मी बंद केलाय, सगळ्यांना अंगाला लागणं आवडत नाही आणि तोंडावर नाही म्हणायची हिंमत नसते. उखाणे फक्त मंडळात, आणि फक्त ज्यांना हौस आहे त्यांना, ऑफिसात नको. नियम तीन वाक्यांत सांगून होत नसेल तर तो खेळ सोडून द्या. नियम सांगायच्या आधी कागद वाटू नका, सगळे कागदच वाचत बसतात. शांत करायला शिट्टी नको, तुम्ही हात वर करा, जो बघेल तो हात वर करून गप्प होईल, अर्ध्या मिनिटात पसरतं. एखाद्याने मी बघतो म्हटलं तर त्याला टाइमकीपर करा, आग्रह नको. आणि खेळ रंगात आला की अजून एकदा, अजून एकदा असं होतं, तेव्हाच बंद करायचा. ऑनलाइन टीम असेल तर एकच सांगते, ३० सेकंदांत घरातली एखादी लाल वस्तू आणून कॅमेऱ्यासमोर धरा, पुढचं आपोआप होतं, कुणी देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणतं कुणी पोरालाच.

त्या मुलीला मी जो क्रम दिला तो असा: उतरल्यावर पोहे, मग लाइन दहा मिनिटं, गप्प रांग आणि गट मिळून दहा, दोन खरं एक खोटं पंधरा, मग चहा. चहा मध्येच हवा, खरी बोलणी तिथे होतात. ट्रेन आणि टॉवर जेवणानंतर. पिशवीत ५० पेन (पेन परत येत नाहीत), कोरे कागद, बिंगोचे प्रिंट, सहा सेलोटेप, दोन कात्र्या, महिनाभराची रद्दी आणि डझनभर लिंबं. आणि निघताना टॉवरच्या नळ्यांची सेलोटेप काढून पेपर सुक्यात, लिंबं ओल्यात. २०१७ पासून सफाईत नंबर एक म्हणून मिरवतो आपण इंदूरवाले, फार्महाउसच्या चौकीदाराला आपला कचरा निवडत बसवू नका.